तक्त्यावरची शेवटची ओळ

६ जानेवारी

चि. भिंगरी,

मोठ्या भावाचा आशीर्वाद आहेच. तो आधी घ्यायचा की पत्र वाचून झाल्यावर, ते तुझं तू ठरव.

आज अण्णांना जाऊन महिना झाला. तू फोनवर म्हणाली होतीस, "दादा, पुन्हा फोन करू नकोस. फोनवर तू नुसता गप्प बसतोस. अण्णा गेल्याचं मला चार दिवसांनी का कळवलंस, याचं पटेल असं उत्तर सुचलं की लिही. नाही सुचलं तर लिहू नकोस." आणि ठेवून दिलास. उत्तर सुचायला महिना गेला. लहानपणी माझा निबंधही असाच वेळेवर व्हायचा नाही. कविता मात्र आदल्या दिवशीच पाठ असायची.

तर उत्तर असं की, धांदल झाली. सकाळची वेळ होती. आमचा शिरस्ता तुला ठाऊक आहे. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, आधी अण्णांचा चष्मा, मग माझा, मग दोन्ही मऊ फडक्यावर शेजारी शेजारी पालथे. चष्मेवाल्याच्या काचेवर बोटाचा ठसा दिसला तर गिऱ्हाइकाने उठून जावं, हे अण्णांचं म्हणणं चौऱ्याण्णवाव्या वर्षीही कायम होतं, दुकानात गिऱ्हाईक म्हणून कुणी येत नसलं तरी. त्या दिवशी मी चष्मे पुसत असतानाच आतून आवाज आला. धावलो. अण्णा पलंगाच्या कडेशी बसल्यासारखे पडले होते आणि मलाच म्हणत होते, "धावू नकोस, पडशील." मग शेजारचा घड्याळवाला आला, गाडी आली, दवाखाना, सह्या, आठ दिवस. नवव्या दिवशी सकाळी संपलं. या सगळ्यात कळवायचं राहिलं.

हे वाचून तू मान हलवशील ती कशी, हे मला दिसतं आहे.

अक्षर एवढं मोठं का, असं विचारशील. अलीकडे बारीक लिहिता येत नाही आणि वाचता तर मुळीच येत नाही. शाळेतली ती जुनी वाचनमाला, जिची पानं तूच एकदा पिठाची खळ करून चिकटवली होतीस, ती उघडतो आणि ओळींवर ओळी चढतात. डोळ्यांत दोष म्हणावा तर मी दुकानातला तक्ता काढून पाहिला. तोच, जवळचं वाचायला लावायचा, माझ्या कवितेचा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचला. म्हणजे चष्मा ठीक, डोळा ठीक. मग उरतं ते एकच. अण्णा जाताना अक्षरांतला कसला तरी अर्क घेऊन गेले असावेत. दुःखाने माणसाची भूक जाते, झोप जाते, हे ऐकलं होतं. छापील मजकूर जातो हे नवीन.

असो. स्वतःला जप.

तुझा,
दादा


२३ जानेवारी

चि. भिंगरी,

तुझं उत्तर नाही. म्हणजे माझं उत्तर पटलं नाही. हे मलाही पटलं नव्हतं, त्यामुळे रागावलो नाही.

दुसरं उत्तर देतो. दवाखान्यातून बाहेरगावी फोन लावायचा तर खाली दारापर्यंत यावं लागे. अण्णांना सोडून जायचं म्हणजे कुणाला तरी बसवून जायला हवं. एक नर्सबाई होत्या, चांगल्या होत्या, त्यांना सांगता आलं असतं. पण त्यांना किती कामं.

हेही लंगडंच आहे. दोन ओळी लिहिल्या आणि माझं मलाच कळलं. तरी खोडत नाही. खोडलेलं तुला जास्त दिसतं.

इमारतीच्या मालकाचा माणूस येऊन गेला. तीस एप्रिलला दुकान रिकामं करून द्यायचं आहे, पुढे इमारतच पाडणार आहेत. काउंटर न्यायला एक जण तयार आहे, आरशाला दुसरा. काच घासायचं चाक कुणालाच नको. आता सगळं यंत्रावर होतं म्हणे. त्या चाकाजवळ तू स्टुलावर उभी राहायचीस, कारण हात पोचायचा नाही. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि मी बारा वर्षांचा. तुला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून अण्णा तुला दुकानात आणायचे. तू काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गरगर फिरायचीस, म्हणून भिंगरी. मी शाळा सुटली की यायचो आणि कोपऱ्यात कविता पाठ करत बसायचो. अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे, "थोरल्याचं तोंड चालतं आणि धाकटीचा हात. मधल्या मधे मी सुटलो."

तो तक्ता त्याच कोपऱ्यातला. छापील तक्त्यावर काही तरी रुक्ष मजकूर होता, पोस्टाच्या नियमांसारखा. अण्णा म्हणाले, "तू एवढा कवी, तर तूच लिही." मी सोळा वर्षांचा होतो. रात्रंदिवस त्या पाच ओळींच्या मागे होतो. छापखान्यातून तक्ता आला तेव्हा पाचही ओळी उतरत्या अक्षरांत:

ऊन आले खिडकीशी,
सावली म्हणे, जाते मी;
ऊन म्हणे, थांब जराशी,
तुझ्यावाचून कोण मी?
दोघे मिळुनी दिवस होई, एकट्याचा होत नाही.

शेवटची ओळ मुंगीएवढी. ती वाचता येणारं गिऱ्हाईक आलं तर अण्णा म्हणायचे, "तुम्हाला चष्मा नको, घरी जा." माझं छापून आलेलं साहित्य एवढंच. पण त्याला वाचक किती मिळाले बघ! चाळिशीच्या पुढचा अख्खा गाव एका डोळ्यावर हात ठेवून माझी कविता वाचून गेला. एवढं भाग्य कुणाला?

आणि त्याच तक्त्याला फडकं मारत मी उभा होतो, अकरा वर्षांपूर्वी, तू निघून गेलीस त्या दिवशी. तुला वाटत असेल मी विसरलो. अण्णा तेव्हा त्र्याऐंशीचे. हाताला कंप आलेला. त्यांनी घासलेली प्रत्येक काच तू गुपचूप परत घासत होतीस, वर्षभर. एका मास्तरांनी येऊन कौतुक केलं, "मुलीने दुसऱ्यांदा बसवून दिलेली काच फार छान झाली," आणि सगळं उघड्यावर आलं.

"माझ्या हातचं काम परत करतेस?"

"करते. नाही तर माणसं भिंतीवर आपटली असती, अण्णा."

"मग या दुकानात दोन चष्मेवाले कशाला?"

तेव्हा तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "दादा, तू सांग." मी तक्ता पुसत राहिलो. तक्त्यावर धूळ नव्हती.

डोळ्यांचं म्हणशील तर सुधारणा नाही. जिना उतरताना पायरी असते त्याच्या जरा अलीकडे दिसते. दाराची चौकट डावीकडे कललेली. खिडकीचे उभे गज एकेकच, पण आडव्या पट्ट्या दोन दोन, एक खरी आणि एक तिची फिकट बहीण. घड्याळवाला म्हणतो, "काका, तुम्हाला घड्याळातले दोन काटे चार दिसत असतील, तर वेळ दुप्पट झाला की. मजा करा." त्याला काय कळणार. शोक फक्त रडवतो असं लोकांना वाटतं. तो चौकटीही वाकवतो.

तुझा,
दादा


९ फेब्रुवारी

भिंगरी!

तुझं कार्ड काल मिळालं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आता ते अण्णांसारखं झालं आहे, वेलांटी वर नेऊन सोडून देण्याची तीच घाई. कार्डावर ना तारीख, ना मायना. एकच ओळ. "डाव्या काडीच्या आतल्या बाजूला लाल ठिपका आहे का ते बघ."

मला काही समजेना. घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने डोळ्याला ती भिंगाची नळी लावली, चष्मा उलटा धरला आणि म्हणाला, "आहे. पार पुसट झालाय, पण आहे. रक्त नाही ना काका?"

रक्त कसलं! तुझं नेलपॉलिश. आपली ती फ्रेम, कासवाच्या पाठीच्या रंगाची, जाडजूड. अण्णांनी एकदम दोन डझन आणल्या आणि एकही खपली नाही. "खपली नाही तर नाही. घरात सहा डोळे आहेत," म्हणून आपण तिघांनी जन्मभर त्याच घातल्या. दोघांचे चष्मे धुताना अदलाबदल व्हायची. तू तेव्हा कॉलेजात नुकती गेलेली. हौसेने लाल बाटली आणलीस आणि अण्णा ओरडले, "असले रंग आपल्याकडे चालायचे नाहीत." तू म्हणालीस, "मग वाया का घालवा?" आणि त्यांच्याच चष्म्याला आतून ठिपका लावलास. दर वर्षी नवा लावायचीस. मी रोज धुताना तो ठिपका बघून अण्णांचा चष्मा उजवीकडे ठेवायचो.

त्या सकाळी मी बघितलं नाही. आवाज आला, धावलो, हाताला लागला तो घातला. आणि नंतर दवाखान्यात उरलेला त्यांना घातला. त्यानंतर घरात एकच चष्मा राहिला, मग ठिपका कशाला बघणार?

म्हणजे भिंगरे, सव्वादोन महिने मी अण्णांच्या डोळ्यांनी बघतो आहे! माझा डावा डोळा तिरक्या नंबरचा, त्यांचा उजवा. चौकट वाकणार नाही तर काय. आणि तू तिकडे बसून, माझ्या पत्रातल्या खिडकीच्या पट्ट्या मोजून, माझा चष्मा ओळखलास. कोर्टातले वकीलही इतके पक्के नसतात. अण्णा असते तर म्हणाले असते, "बघा, न बघता नंबर काढला पोरीने."

तक्त्याने मला कसं फसवलं तेही आता कळलं. तो मी वाचला नाही, म्हटला. पाठ असलेली कविता आंधळ्यालाही वाचता येते. तू लहानपणीच म्हणायचीस, "दादाची तपासणी तक्त्यावर करू नका, तो चोरी करतो," आणि मला औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचायला द्यायचीस.

आणि अण्णांना आम्ही निरोप दिला तेव्हा चष्मा डोळ्यांवरच राहू दिला. चष्म्याशिवाय त्यांना कुणी ओळखलं नसतं आणि त्यांनीही कुणाला. म्हणजे ते माझा चष्मा लावून गेले! जिथे पोचले असतील तिथे सगळं वाकडं दिसत असणार आणि ते पहिल्याच माणसाला विचारत असणार, "या काचा कुठल्या गाढवाने बसवल्या?" हे सुचलं आणि मी हसलो. दोन महिन्यांनी हसलो. मग ते हसणं कुठे वळलं ते सांगत नाही.

पण एक गोष्ट आता स्पष्ट झाली. तू विचारलं होतंस ना, का कळवलं नाहीस. दवाखान्यात मी डायरी उघडली होती, तुझा नंबर बघायला. त्या चष्म्यातून मला आकडे दिसणार तरी कसे? तीनाचा आठ, एकाचा सात. दोनदा लावला, कुणी परकाच माणूस बोलला. हे उत्तर पटण्यासारखं आहे. नाही का?

दादा


११ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

परवाचं पत्र तुला मिळालं असेल किंवा आज मिळेल. त्यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं खरं आहे.

पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत ते मलाच पटेनासं झालं. मला डायरी लागत नाही. तुझा नंबर तू मला एका ओळीच्या पत्राने कळवला होतास, नऊ वर्षांपूर्वी, आणि मी तो त्याच दिवशी चालीवर बसवला. चार आकडे, मग जरा थांबायचं, तीन आकडे, मग पुन्हा तीन. आंघोळ करताना म्हणतो. भाजी चिरताना म्हणतो. कितीदा म्हटला असेल, आणि एकदाही लावला नाही. अण्णा गेल्यावर चौथ्या दिवशी तुला फोन केला तेव्हा डोळ्यांवर हाच चष्मा होता आणि पहिल्या फटक्यात लागला. तुझ्या ते लक्षात आलंच असतं. तुला फसवणं मला शाळेतही जमलं नाही.

तेव्हा खरं उत्तर. एका दमात लिहितो, नाही तर पुन्हा तक्ता पुसत बसेन.

मला ते आठ दिवस एकट्याला हवे होते.

तू गेल्यावर वर्षाच्या आत अण्णांनी चाकाला हात लावायचं सोडलं. एका दुपारी काच घासता घासता थांबले आणि म्हणाले, "पोरगी बरोबर होती रे." हे ते मला म्हणाले. तुला कळवायला हवं होतं. मी ठरवलं, ते स्वतःच सांगतील. ते समजले, मी सांगितलं असेल. अकरा वर्षं आम्ही दोघं तुझ्या खुर्चीकडे बघत जेवलो, भिंगरे. गिऱ्हाईक आलं की अण्णा सांगायचे, "माझी मुलगी असती तर ही काच अशी बसवली असती." मुलगा समोर बसलेला असायचा. मी त्यांना आंघोळ घातली, नखं कापली, गोळ्या मोजल्या, वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मी तक्रार करत नाही. पण घरात असलेल्या माणसाची कुणी वाट बघत नाही. वाट बघतात ती गेलेल्याची.

दवाखान्यात पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला. धरला तो सोडेनात. मला म्हणाले, "काही तरी म्हण." मी शाळेतल्या कविता म्हटल्या, एकामागून एक, पहिली ते सातवी. एकाहत्तर वर्षांचा मी, कविता म्हणून दाखवतो आहे आणि बाप डोळे मिटून ऐकतो आहे. भिंगरी, मला वाटलं, तुला फोन केला की तू येशील. आणि तू आलीस की हा हात तुझ्याकडे जाईल. मी रोज ठरवायचो, उद्या कळवू. उद्या. उद्या. आणि मग उद्या नव्हता. पुढचे चार दिवस हे तुला सांगायचं कसं, यातच गेले.

एवढंच आहे. यात चष्म्याचा काही दोष नाही.

आणखी एक आहे, ते आज सांगितलं नाही तर पुन्हा हिंमत होणार नाही. अण्णा सारखे म्हणायचे, "बाहेर धुकं पडलंय का?" मी म्हणायचो, "हो अण्णा, थंडीचे दिवस आहेत." आम्हा सगळ्यांना वाटलं, हे शेवटचं धुकं. ते माझ्या काचांचं होतं, हे आता कळतं आहे. सातव्या दिवशी त्या नर्सबाई उशी सरळ करायला वाकल्या. तुझ्याएवढ्याच उंचीच्या, केस तसेच मागे ओढलेले. अण्णा त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "आलीस?"

त्या बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी काही बोललो नाही. मी कधी बोलतो?

मग त्याच म्हणाल्या, "आले हो अण्णा."

"चाकाला पाणी घालत जा. कोरडं चालवू नकोस."

"घालते."

"रागावलीस?"

"नाही हो."

त्यांनी डोळे मिटले ते समाधानाने मिटले. दुसऱ्या दिवशीही ते बोलले नाहीत. म्हणजे तू आली होतीस, अशाच समजुतीत ते गेले. माझा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नसता तर त्यांना खरं दिसलं असतं. हे बरं झालं की वाईट, ते मला ठरवता येत नाही. तो क्षण तुझा होता आणि तो मी एका परक्या बाईला दिला, फोन न करून. तुझी माफी मागायची तर नेमकी कशाची, हेही तूच सांग. यादी मोठी आहे.

सोबत अण्णांचा चष्मा पाठवतो आहे. त्यांच्या वस्तूंतली ही एकच अशी आहे की जिच्यात तू आहेस. तो तुझा.

माझी काळजी करू नकोस. मला वाचायचं असं फारसं नाही आणि जे आहे ते पाठ आहे.

दादा


२ मार्च

चि भिंगरी

चष्म्याशिवाय लिहितो आहे ओळ कुठे जाते कळत नाही तेव्हा एकीवर दुसरी चढली असेल तर सोडवून वाच

इथल्या दुकानात नवा करून घे असं घड्याळवाला रोज बजावतो. म्हणतो, "काका, चष्मेवाल्याचा मुलगा आणि भिंतीला हात लावून चालतो. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक कुठे दिसतात मला. दुसऱ्याच्या हातची काच घालवत नाही, हे त्याला कसं सांगू

तुझं उत्तर यावं असं म्हणत नाही. पोचला की नाही एवढंच कळव. चष्मा म्हणतो मी

दादा


१९ मार्च

चि. भिंगरी,

हे पत्र बारीक अक्षरात आहे, बघितलंस?

पार्सल घड्याळवाल्याच्या पत्त्यावर पाठवलंस ते शहाणपणाचं केलंस. त्याने माझ्यासमोर उघडलं आणि म्हणाला, "काका, पुन्हा तोच चष्मा परत आला." मी हातात घेतला. फ्रेम तीच, कासवाची. पण काडीच्या आत बोट फिरवलं तर गुळगुळीत, आणि बिजागरी कोरी, न वापरलेली. म्हणजे ही दोन डझनांतलीच. म्हणजे त्या दिवशी दुकानातून रागाने निघताना तू एक फ्रेम पर्समध्ये टाकून गेली होतीस. अकरा वर्षं न घालता ठेवलीस. भिंगरे, तू पण!

घातला. चौकट सरळ झाली. घड्याळवाल्याला इतक्या सुरकुत्या आहेत हे मला माहीत नव्हतं. त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, "काढा तो चष्मा, आधी बरे होता." माझा नंबर तू कुठून आणलास? अकरा वर्षांत बदलला असेल ना? मग आठवलं, मी तुला पाच पत्रं लिहिली आहेत. पट्ट्या, पायऱ्या, चौकट, अक्षराची उंची. तू ती पत्रं म्हणून वाचली नाहीस, तपासणी म्हणून वाचलीस. किंवा दोन्ही.

चष्म्याखाली तो पुठ्ठा होता. मला वाटलं, काच फुटू नये म्हणून घातलाय. उलटा केला तर तक्ता! हाताने लिहिलेला, नेमका अण्णांच्या मापाने, पाच ओळी, उतरत्या अक्षरांत. वर तुझा शेरा: "हा तुला पाठ नाही. चोरी करता यायची नाही." आम्ही आपल्या दुकानात आलो, मी तपासणीच्या खुर्चीत बसलो, घड्याळवाल्याने तक्ता वाचायच्या अंतरावर धरला. मी एक डोळा झाकला. त्या खुर्चीत मी जन्मात कधी गिऱ्हाईक म्हणून बसलो नव्हतो.

पहिली ओळ, ढळढळीत: मला राग आहे.

दुसरी: अण्णांवर होता, तो संपला. आता तुझ्यावर आहे.

घड्याळवाला म्हणाला, "पुढची मी नाही ऐकत," आणि कानांवर हात ठेवायला गेला. त्यात तक्ता पडला. पुन्हा धरला.

तिसरी: चाक कुणाला देऊ नकोस, कोरडं चालवू नकोस.

चौथी ओळ वाचायला मी उठून खिडकीत गेलो: त्या नर्सबाईंना मला एकदा भेटायचं आहे.

पाचवी. भिंगरे, पाचवी तू कसल्या पेनाने लिहिलीस? मुंगीसुद्धा चष्मा मागेल. घड्याळवाल्याने आपली नळी पुढे केली, मी घेतली नाही. आधी उजवा डोळा, मग डावा, मग दोन्ही. तक्ता जरा लांब धरला, जरा जवळ. मग अक्षरं एकेक करून उभी राहिली.

"एप्रिलच्या पहिल्या रविवारी अकराच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस, नवा चष्मा आहे, पायऱ्यांवर पडशील."

मी ती वाचली. म्हटली नाही, वाचली.

घड्याळवाल्याला दाखवली तर त्याने पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काका, ही ओळ ज्याला वाचता येते त्याला चष्मा नको. घरी जा." हे त्याने कधी ऐकलं असेल कुणास ठाऊक. चाळीस वर्षं शेजारी आहे, भिंत पातळ आहे.

मी स्टेशनवर येणार नाही. दुकानाच्या दारात उभा राहीन, पायरीच्या वरच. खाली उतरणार नाही. तुझं स्टूल माळ्यावर होतं, खाली काढून पुसलं आहे. आता तुला लागायचं नाही, पण बसायला होईल. काउंटरवाल्याला सांगितलं, एप्रिलअखेरीस ये.

तुझ्यापुढे मी कदाचित बोलणार नाही. तोंडावर मला जमत नाही, तुला माहीत आहे. रागावायचं असेल ते रागव, मधे मधे "ऐकतोयस ना?" असं विचार, मी मान हलवीन. आणि "दादा, तू सांग" असं एकदा पुन्हा म्हणून बघ. या वेळी तक्ता मी उलटा करून ठेवला आहे.

एक काम आहे. अण्णांचा चष्मा बरोबर आण. इथे असशील तोवर सकाळी मी दोन्ही धुईन, कोमट पाण्यात, आधी त्यांचा, मग माझा. पण तो ठिपका फार पुसट झाला आहे आणि माझा भरवसा नाही. तेव्हा येताना वाटेत कुठे मिळाली तर एक बाटली घेऊन ये. लालच. दुसरा रंग आपल्याकडे चालायचा नाही.

तुझा,
दादा